मनगटावरचा उजेड आणि मंद दृष्टि

घड्याळ पाहणें ही एका क्षणाची गोष्ट आहे, असें डोळस मनुष्य समजून चालतो. मनगट वळलें, दृष्टि तिकडे गेली आणि वेळ कळली. मध्यें कांहीं घडलें याची त्याला जाणीवहि नसते. ज्याची दृष्टि मंद झाली आहे त्याच्या बाबतींत मात्र याच क्षणाचे तुकडे पडतात. प्रथम घड्याळाचा पडदा नजरेच्या टप्प्यांत आणावा लागतो, मग त्यावरील उजेड सोसावा लागतो, मग त्या उजेडांतून अक्षर निराळें काढावें लागतें; आणि इतकें होईपर्यंत स्मार्टवॉचचा पडदा पुष्कळ वेळां आपणहून मिटून गेलेला असतो.

हल्लीं हें घड्याळ केवळ वेळ सांगण्यापुरतें राहिलेलें नाहीं. औषधाची आठवण, नाडीचे ठोके, घरून आलेला निरोप, रस्त्यांतलें वळण, हें सारें त्या दीड इंचाच्या कांचेवर उमटतें. म्हणून तें वाचतां येणें किंवा न येणें यावर एखाद्या वृद्धाचें स्वावलंबन बरेंचसें अवलंबून राहतें. मुलांनीं हौसेनें वडिलांना असें घड्याळ आणून द्यावें, "दिसत नाहीं" अशी तक्रार येतांच पडद्याचें तेज शेवटच्या पायरीपर्यंत चढवावें, आणि तरीहि तक्रार कायम राहावी, असें घडणें मुळींच नवलाचें नाहीं. मग दोष वयाला दिला जातो, घड्याळ खणांत जातें, आणि किती वाजले हें विचारण्यासाठीं दुसऱ्याला हांक मारण्याची पाळी पुन्हां येते. वस्तुतः येथें दोष वयाचा कमी आणि एका समजुतीचा अधिक असतो. तेज आणि स्पष्टता या दोन गोष्टी एकच आहेत, ही ती समजूत होय.

डोळा प्रकाश मोजतो तो तराजूनें धान्य मोजावें तसा मोजीत नाहीं. एर्न्स्ट वेबर आणि गुस्टाव्ह फेख्नर या जर्मन शास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकांत या विषयाचा पाया घातला, आणि फेख्नरनें १८६० सालीं तो ग्रंथरूपानें मांडला. त्यांच्या विचाराचें सार असें कीं, संवेदना ही कारणाच्या सरळ प्रमाणांत वाढत नाहीं. ती गुणोत्तरावर चालते. अंधाऱ्या खोलींत एक पणती लावली तर सारी खोली पालटून जाते. जेथें शंभर पणत्या जळत आहेत तेथें आणखी एक लावली तर ती कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. घड्याळाच्या पडद्यालाहि हाच न्याय लागू आहे. त्याचें तेज दुप्पट केलें म्हणून अक्षरें दुप्पट स्पष्ट होत नाहींत. अक्षर वाचलें जातें तें त्याच्या मागच्या भूमीहून तें किती निराळें दिसतें यामुळें. काळ्या फळ्यावर खडूनें लिहिलेला शब्द शेवटच्या बांकावरून वाचतां येतो. तोच शब्द पांढऱ्या भिंतीवर लिहिला तर जवळूनहि दिसत नाहीं. खडू तोच आणि उजेडहि तोच. बदलला तो फक्त विरोध.

हें थोडें आंकड्यांत पाहिलें तर अधिक पटेल. पडद्याचें तेज 'निट' या मापानें सांगतात. एक चौरस मीटर पृष्ठभागानें, ढोबळ मानानें एका मेणबत्तीइतका प्रकाश समोर टाकला, कीं त्याचें तेज एक निट झालें. ॲपल कंपनीच्या २०१६ सालच्या 'सीरीज २' घड्याळाचें कमाल तेज १००० निट होतें. २०२३ सालच्या 'सीरीज ९' मध्यें तें २००० निटांपर्यंत चढलें. आणि तेंच घड्याळ अंधारांत १ निटापर्यंत खालीं उतरूं शकतें. याच्या तुलनेला दुपारच्या उन्हांत ठेवलेला एक पांढरा कागद घ्यावा. हिशेबानें त्याचें तेज सुमारें २५,००० निट भरतें. रात्रीं दिवाणखान्यांतील साध्या दिव्याखालीं त्याच कागदाचें तेज ४० निटांच्या आसपास असतें. म्हणजे घरांत २००० निटांची गरज नाहीं, आणि भर उन्हांत सूर्याशीं स्पर्धा करावयाची तर २००० निटांचाहि निभाव लागत नाहीं.

उन्हांत घड्याळ दिसत नाहीं याचें एक कारण तें मंद असतें हें आहे, पण दुसरें कारण कांचेंत आहे. साध्या कांचेवर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकीं शेंकडा ४ च्या सुमारास प्रकाश तिच्या पुढच्या पृष्ठावरूनच परत फिरतो. उजळ आकाशाचें असें प्रतिबिंब ३०० निटांचें आहे असें धरूं. काळ्या भूमीवरचीं पांढरीं अक्षरें १००० निटांचीं असलीं, तर प्रतिबिंब दोहोंवर सारखेंच पसरल्यामुळें डोळ्याला अक्षर १३०० निटांचें आणि भूमि ३०० निटांची दिसते. गुणोत्तर चौपटीच्या किंचित् वर. आतां तेज वाढवून २००० केलें, तर गुणोत्तर साडेसातपटीहून थोडें अधिक होतें. परंतु तेज १००० वरच ठेवून दुसऱ्या हाताचा तळवा आडवा धरला, आणि त्या सावलीनें प्रतिबिंब ५० निटांवर आणलें, तर तेंच गुणोत्तर एकवीसपट होतें. घड्याळाच्या सर्व यंत्रणेला जें साधत नाहीं तें येथें एका तळव्यानें साधतें. वेबवरील मजकूर सर्वांना वाचतां यावा म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमनें २००८ सालीं जे नियम घालून दिले, त्यांत साध्या मजकुराला किमान साडेचारपट, आणि अधिक मंद दृष्टीच्या वाचकांचा विचार करून सातपट विरोध सांगितला आहे. ते नियम घड्याळांसाठीं केलेले नसले, तरी त्यांचें माप येथेंहि उपयोगी पडतें.

एवढ्यानें प्रश्न सुटला असें मात्र नाहीं. कारण मंद दृष्टि हें एका विकाराचें नांव नाहीं. वाढत्या वयाबरोबर निरोगी डोळ्याची बाहुलीहि लहान होत जाते आणि भिंग पिवळट होतें. साठ वर्षांच्या मनुष्याच्या नेत्रपटलावर वीस वर्षांच्या तरुणाच्या मानानें सुमारें एकतृतीयांश प्रकाशच पोंचतो. म्हणून वृद्धाला अधिक उजेड लागतो, हें खरें आहे. परंतु ज्याला मोतीबिंदु होऊं लागला आहे त्याचें भिंग आलेला प्रकाश डोळ्यांत सर्वत्र विखरून टाकतें. मोटारीची समोरची कांच धुळीनें मळलेली असली म्हणजे समोरून येणाऱ्या दिव्यांनीं जसा सारा रस्ताच पुसून जातो, तसाच हा प्रकार. अशा डोळ्यापुढें पांढरा शुभ्र पडदा धरून त्यावर काळें अक्षर दाखविलें, तर पडद्याचाच प्रकाश अक्षरावर पसरतो, आणि तेज वाढवावें तितकें अक्षर अधिक बुडतें. मिनेसोटा विद्यापीठांतील गॉर्डन लेग आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, ज्यांच्या डोळ्यांतील पारदर्शक भाग गढूळ झाले होते अशा लोकांना काळ्या भूमीवरील पांढरीं अक्षरें अधिक जलद वाचतां आलीं, असें दिसून आलें. सुदैवानें बहुतेक स्मार्टवॉचची रचना या गोष्टीला अनुकूल आहे. त्यांच्या ओलेड जातीच्या पडद्यांत प्रत्येक बिंदु स्वतःच प्रकाश देतो, आणि काळा बिंदु म्हणजे विझलेला बिंदु. त्यामुळें काळी भूमि खरोखरच काळी राहते आणि बॅटरीहि कमी खर्च होते.

नेत्रपटलाच्या मध्याला, म्हणजे पीतबिंदूला, इजा झालेली असली तर परिस्थिति निराळी होते. अशा मनुष्याच्या नजरेच्या ऐन मध्यावरच डाग असतो. त्याला नजर थोडी बाजूला ठेवून कडेनें पाहावें लागतें. त्याला भरपूर प्रकाश हवा असतो, अक्षरें मोठीं हवीं असतात, आणि या दोहोंइतकाच वेळहि हवा असतो. काचबिंदु वाढलेला असला तर उलट कडा झिजलेल्या असतात आणि मध्याचा लहानसा झरोका उरलेला असतो. त्याच्यासाठीं अक्षरें वाजवीपेक्षां मोठीं केलीं तर तीं झरोक्याच्या बाहेर जातात, आणि आंकड्याचा एक तुकडा तेवढा दिसतो. रेटिनायटिस पिगमेंटोझा या आनुवंशिक विकारांत हाच झरोका, शिवाय रातांधळेपणा, आणि वर प्रखर उजेडाचा त्रास, असे तीनहि प्रकार एकत्र येतात. ज्यांच्या शरीरांत जन्मतः रंगद्रव्य कमी असतें त्यांना तर साधा उजेडहि टोंचतो. त्यांच्या घड्याळाचें तेज खालच्या पायरीवरच असावें लागतें. एकाच घरांतील दोन मंददृष्टि माणसांना एकच मांडणी मानवेल असें म्हणूनच धरून चालतां येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष मांडणीकडे वळावयास हरकत नाहीं. ॲपलच्या घड्याळांत 'सेटिंग्ज' मध्यें 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस' नांवाचा भाग आहे. तेज, अक्षरांचा आकार आणि जाड अक्षरें या तिन्ही गोष्टी तेथेंच सांपडतात. त्याच भागांत 'वेक ड्युरेशन' ही एक लहानशी ओळ असते आणि ती बहुधा कोणी उघडीत नाहीं. स्पर्श केल्यावर पडदा किती वेळ जागा राहावा हें तेथें ठरतें. १५ सेकंद किंवा ७० सेकंद. नजर बाजूला नेऊन अक्षर शोधणाऱ्या मनुष्याला तेजाच्या एका पायरीपेक्षां या वाढीव वेळाचा उपयोग कित्येक वेळां जास्त होतो. गूगलच्या वेअर ओएसवर चालणाऱ्या घड्याळांत 'डिस्प्ले' याच नांवाखालीं तेज, अक्षरांचा आकार आणि पडदा मिटण्याची मुदत ठरवितां येते. 'ॲक्सेसिबिलिटी' या भागांत दोहोंकडे पडद्याचा भाग मोठा करून दाखविण्याची सोय आहे. ॲपलच्या घड्याळांत ती चालू केल्यावर दोन बोटांनीं दोन वेळां टिचकी मारावी लागते, आणि वेअर ओएसमध्यें एका बोटानें तीन वेळां.

घड्याळ आपलें तेज आपणहून कमीजास्त करतें तें पडद्यापाशीं बसविलेल्या प्रकाशमापक डोळ्याच्या साह्यानें. हा डोळा सदऱ्याच्या बाहीखालीं झांकला गेला तर घड्याळाला रात्र झाली असें वाटतें, आणि बाही सरकवल्यावर पडदा कांहीं क्षण मंदच राहतो. ज्याला आधींच कमी दिसतें त्याची या क्षणांत फसगत होते. तेव्हां पूर्ण बाहीचे कपडे वापरणारानें घड्याळ बाहीच्या पुढें येईल असें बांधावें, हा उपाय बिनखर्ची आहे. पडद्यावर वरून चिकटविलेली चकचकीत संरक्षक फीत नीट बसलेली नसली तर तीहि प्रतिबिंबांत भर घालते.

मांडणी करतांना पाळावयाचा क्रम साधा आहे. तेज वरून खालीं आणूं नये, खालून वर न्यावें. सर्वांत कमी तेजावर आरंभ करून, जेथें अक्षर प्रथम न अडखळतां वाचलें जाईल तेथें थांबावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तेज, आकार आणि जाडी या तिन्ही एकदम बदलल्या तर कशानें काय झालें हें कळत नाहीं. परीक्षा घ्यावयाची ती चार ठिकाणीं: दुपारच्या गॅलरींत, रोजच्या बसण्याच्या खुर्चींत, खिडकीकडे तोंड करून, आणि रात्रीं अंथरुणावर. दिवसभर जो चष्मा डोळ्यांवर असतो तोच त्या वेळींहि असावा. वाचनाचा चष्मा लावून केलेली मांडणी रस्त्यांत उपयोगी पडत नाहीं. आणि "दिसतें का?" असें विचारूं नये. कारण भिडेखातर "दिसतें" असें उत्तर देणारीं माणसें आपल्या घरांत पुष्कळ असतात. पडद्यावर काय लिहिलें आहे तें मोठ्यानें वाचावयास सांगावें.

वाचावयाचा मजकूर मराठी असला तर आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. देवनागरी अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार असतात, पायाशीं उकार असतो आणि पोटांत जोडाक्षर असतें. रोमन लिपींतील शब्द ज्या आकारांत सुखानें वाचला जातो त्या आकारांत अनुस्वाराचा ठिपका नाहींसा होऊं शकतो. जाड अक्षरांची सोय अशा वेळीं उपकारक ठरते, पण आकार लहानच ठेवून नुसती जाडी वाढविली तर 'क्ष', 'ष्ट' यांसारख्या अक्षरांचीं पोटें भरून येतात आणि तीं काळवंडतात. म्हणून आधीं आकार आणि मग जाडी, हा क्रम ठेवावा. आंकड्यांतहि इंग्रजी तीन, सहा आणि आठ हे एकमेकांत मिसळतात. घड्याळाचें मुख निवडतांना एकच वेळ मोठ्या आंकड्यांत दाखविणारें साधें मुख घ्यावें, आणि सजावटीच्या चक्रा व रंगीत खुणा काढून टाकाव्या.

रात्रीचा विचार स्वतंत्रपणें केला पाहिजे, कारण तेथें प्रश्न वाचण्याचा नसून पाऊल सांभाळण्याचा असतो. अंधाराला डोळा सरावतो तो सावकाश. नेत्रपटलांतील शंकुपेशींना त्यासाठीं सुमारें दहा मिनिटें पुरतात, परंतु मंद प्रकाशांत काम करणाऱ्या दंडपेशींना अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. मध्यरात्रीं उठलेल्या वृद्धानें प्रखर पडदा क्षणभर पाहिला तरी ही मिळकत बरीचशी उधळली जाते, आणि पीतबिंदूचा विकार असलेल्याला पूर्वस्थितीवर येण्यास तर अधिकच अवधि लागतो. पुढचीं चार पावलें न्हाणीघराच्या उंबऱ्याकडे पडावयाचीं असतात, आणि पडणें घडतें तें तेथें. जुन्या रेडियमच्या घड्याळाचे आंकडे अत्यंत मंद असत, तरी रात्रीं ते वाचतां येत. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तेवढें पुरतें. दंडपेशींवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम सर्वांत कमी होतो, म्हणून कांहीं घड्याळांत रात्रीसाठीं तांबडें मुख किंवा तांबडी बत्ती ठेवलेली असते. ॲपलच्या घड्याळांत 'थिएटर मोड' चालू केला म्हणजे कूस बदलतांना पडदा आपोआप पेटत नाहीं, मुद्दाम स्पर्श केल्यावरच पेटतो. झोंपण्यापूर्वीं हा बदल करून ठेवण्याची संवय लावून घेणें इष्ट होय.

इतकें करूनहि ज्याला पडदा वाचतां येत नाहीं, त्याला तो वाचावयास लावण्याचा हट्ट धरूं नये. वेळ कळण्याला डोळाच पाहिजे असें नाहीं, हें घड्याळजींना फार पूर्वीं उमगलें होतें. कळ दाबतांच तास वाजवून दाखविणाऱ्या घड्याळाचा हक्क इंग्लंडमध्यें डॅनियल क्वेअर याला १६८७ सालीं मिळाला. त्या वेळीं त्याचा उपयोग दिवा न लावतां रात्रीं वेळ जाणण्यासाठीं होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्यें अब्राहम-लुई ब्रेगे यानें बाहेरून चांचपून वेळ ओळखतां येईल असें खिशांतलें घड्याळ बनविलें. आजच्या घड्याळांत या दोन्ही युक्त्या नव्या रूपांत आलेल्या आहेत. ॲपलच्या घड्याळाच्या मुखावर दोन बोटें टेकवून धरलीं कीं तें वेळ बोलून दाखवितें. आणि बोलणें नको असेल तेथें मनगटावर ठोके देऊन सांगतें. दहा तासांना एक लांब ठोका, वरच्या प्रत्येक तासाला एक आंखूड. तसेंच दहा मिनिटांना लांब आणि सुट्या मिनिटाला आंखूड. तीन वाजून बेचाळीस मिनिटें झालीं असतील तर तीन आंखूड, मग चार लांब, मग दोन आंखूड. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारा ॲपलचा 'व्हॉइसओव्हर' आणि वेअर ओएसमधील 'टॉकबॅक' हेहि याच जातीचे साहाय्यक आहेत. डोळ्यांचें ओझें कानांवर आणि त्वचेवर वाटून दिल्यानें उरलेली दृष्टि खऱ्या कामासाठीं राखली जाते. त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

एक इशारा मात्र विसरून चालणार नाहीं. जो मनुष्य गेल्या महिन्यांत घड्याळ नीट वाचीत होता आणि या महिन्यांत तेज एक पायरी वाढवून मागतो, पुढच्या महिन्यांत आणखी एक मागतो, त्याची मागणी घड्याळाविषयीं नसते. काचबिंदूंत गेलेली दृष्टि परत येत नाहीं. उरलेली तेवढी उपचारानें राखतां येते. मधुमेहामुळें नेत्रपटलावर होणाऱ्या बिघाडाचेंहि तसेंच आहे; वेळीं कळला तरच त्याला आवर घालतां येतो. मोतीबिंदु मात्र शस्त्रक्रियेनें दूर होतो, आणि तसें असेल तर पडद्याशीं झगडत बसण्याचें कारणच उरत नाहीं. नजरेंत एकाएकीं पडदा आल्यासारखें झालें, सरळ रेघा वांकड्या दिसूं लागल्या, किंवा दिव्याभोंवतीं रंगीत वलयें दिसून डोळा ठणकूं लागला, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे गेलें पाहिजे. अशा वेळीं पडद्याचें तेज वाढवून देणारा मुलगा प्रेमानेंच वागत असतो. पण त्या वाढलेल्या उजेडाखालीं दुखणें लपून राहतें.

म्हणून घरांतील मंददृष्टि माणसाच्या घड्याळाची मांडणी एकदां करून विसरून जाण्याची गोष्ट नव्हे. कोणत्या तारखेला तेज कोणत्या पायरीवर होतें आणि अक्षरांचा आकार केवढा होता हें दिनदर्शिकेच्या कोपऱ्यांत टिपून ठेवावें, आणि दर दोनतीन महिन्यांनीं तोच मजकूर त्याच खुर्चींत पुन्हां वाचावयास सांगावा. नेत्रवैद्याकडे जातांना ती नोंद बरोबर न्यावी. आणि मांडणी करतांना बोट शक्यतों ज्याचें घड्याळ त्याचेंच असावें. दुसऱ्यानें शेजारीं बसून वाट सांगावी. कारण बसण्याची जागा बदलेल, ऋतु बदलेल, डोळाहि बदलेल. तेव्हां प्रत्येक वेळीं मुलाची वाट न पाहतां आपल्या मनगटावरचा उजेड आपणच कमीजास्त करतां येणें, हेंच त्या घड्याळाचें खरें काम होय.